पखालीचा बैल : पानिपतावरून महादजींना घेऊन निघालेल्या जनावराची केस

माझ्या दवाखान्यातल्या केस पेपरवर पहिल्या ओळी ठरलेल्या आहेत. जनावर कोणतं, वय काय, रंग काय, मालकाचं नाव, आणि काय होतंय. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पास होऊन ग्वाल्हेरला परत आले तेव्हापासून हे रकाने भरतेय, हजारो भरले असतील, आणि एका बैलाचा केस पेपर मात्र इतक्या वर्षांत अर्धाच राहिलाय. जनावर, बैल. मालक, राणेखान, धंदा भिस्ती. तारीख, 14 जानेवारी 1761. ठिकाण, पानिपत. वय मोकळं, रंग मोकळा, नाव मोकळं. आज जेवढा भरता येतो तेवढा भरायचाच असं ठरवून बसलेय.

आम्ही लष्करातले. पुण्याच्या पाहुण्यांना "लष्करात राहतो" सांगितलं की त्यांना वाटतं घरात कुणीतरी फौजी आहे, पण लष्कर हे आमच्या गावाचंच नाव, 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याखाली पडला तो परत उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. कंपू म्हणजे कॅम्प, शिंदे की छावनी म्हणजे छावणी, चिटणीसांची गोठ, शितोळ्यांची गोठ, म्हणजे ज्या त्या सरदाराचा उतरण्याचा तळ. आणि दरवर्षी जो मेळा भरतो, जिथे आता गाड्या आणि फ्रिज विकायला असतात, तो 1905 मध्ये माधवराव महाराजांनी सुरू केला तो जनावरांचा बाजार म्हणून. फौज आणि गुरं हे इथल्या मातीत एकत्रच आहे. पण मराठी माणूस ग्वाल्हेरला आला कसा याची गोष्ट घरोघरी सांगतात ती राणोजी, महादजी, दौलतराव अशी माणसांच्या नावांनी सांगतात, आणि मधे एक बैल आहे तो एका वाक्यात उरकतात. "राणेखानाने महादजींना बैलावर घालून आणलं." झालं. पुढे चला. मी लहानपणी बाबांना विचारायचे, कुठला बैल, कसा आणला, किती दिवस लागले, तर बाबा म्हणायचे अगं बैल तो बैल. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं.

तर आधी हिस्ट्री, म्हणजे आमच्या भाषेतली हिस्ट्री, आजारी पडायच्या आधी जनावराचे दिवस कसे गेले ती.

नोव्हेंबर 1760 पासून मराठ्यांची छावणी पानिपतात अडकलेली. समोर अब्दाली, दिल्लीकडची वाट तुटलेली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढणाऱ्यांच्या कितीतरी पट बुणगे, बायका, यात्रेकरू, आणि त्याहून वेगळी जनावरं, घोडे, उंट, हत्ती, तोफांचे बैल, धान्याचे बैल. अडीच महिने एवढ्या तोंडांना एका जागी चारा कुठून मिळणार. अशा वेळी घोडा सगळ्यात आधी खचतो हे मी पुस्तकातून नाही, हाताने तपासून सांगते. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान, त्याला थोडं थोडं पण सतत लागतं, कामाच्या घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, लागते, आणि भुकेने वाटेल ते खाल्लं की पोट फुगून लोळायला लागतो. बैलाचं तसं नाही. रवंथ करणारं जनावर, पोटाचे चार कप्पे, वाळला कडबा, छपराचं गवत, झाडपाला, जे मिळेल ते आत ढकलतो आणि रात्री बसून त्यातून सत्त्व काढतो. हाडं दिसतात, वशिंड एका बाजूला कलतं, पण चालत राहतो. भाऊसाहेबांकडे सरदार गेले आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणाले, त्या दिवशी छावणीतले जे घोडे उभे होते ते कसे उभे असतील याचा विचार केला की आजही मला कसंतरी होतं.

आता घटना. 14 जानेवारी, संक्रांतीचे दिवस. सकाळी लढाई पेटली, दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब गर्दीत गेले ते गेलेच, आणि उन्हं कलायच्या आत सगळी फौज फुटली. शिंद्यांच्या घरातलं काय उरलं होतं ते बघा. जयाप्पा 1755 मध्ये नागोरला दग्याने मारले गेले, दत्ताजी वर्षभरापूर्वी बुराडीच्या घाटावर, तुकोजी याच पानिपतात, आणि जयाप्पांचा पोरसवदा मुलगा जनकोजी कैद होऊन मारला गेला. राणोजींच्या मुलांपैकी महादजी एकटे उरले, वय तिशीच्या आसपास, आणि ते एका दख्खनी घोडीवर बसून दक्षिणेकडे सुटले.

त्यांच्या मागे एक अफगाण लागला. ही हकिगत महादजी म्हातारपणापर्यंत सांगत असत, इंग्रज रेसिडेंटलाही त्यांनी स्वतः सांगितली आणि ती जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत. घोडी चपळ होती, त्या अफगाणाचा घोडा जाडजूड आणि संथ. महादजी दौडून खूप पुढे निघून जायचे, घोडीला दम खायला थांबवायचे, आणि मागे बघतात तर तो आपला येतोच आहे, त्याच चालीने. परत दौड, परत थांबणं, परत तो. शेवटी घोडी एका खड्ड्यात कोसळली, त्याने गाठलं, गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचं काढून घेतलं, घोडी घेतली आणि गेला. तो पाठलाग महादजींना पुढे कित्येक वर्षं स्वप्नात दिसायचा म्हणतात.

इथे एक डॉक्टर म्हणून मला थांबावंच लागतं. त्या घोडीला कुणी दोष देऊ नये. अडीच महिन्यांच्या उपाशी घोडीने भरधाव पळायचं, घामाने निथळायचं, मग जानेवारीच्या गारठ्यात थांबायचं, आणि परत पळायचं, यात स्नायू आखडतात, पाय उचलत नाही, अडखळतं. मागचा घोडा जड होता म्हणून टिकला असं नाही, तो पोटभर खाल्लेला होता आणि एका चालीत होता. चाल मोडली नाही की जनावर लांब जातं. हे लक्षात ठेवा कारण पुढे हेच परत येणार आहे.

महादजी खड्ड्यात पडलेले, गुडघा फुटलेला, रक्त जातंय, रात्र पडतेय. तिथे राणेखान आला. भिस्ती, म्हणजे फौजेत पाणी वाटणारा. बहिश्त म्हणजे स्वर्ग, तहानलेल्याला पाणी देणारा स्वर्गात जातो म्हणून भिस्ती असं या शब्दाबद्दल सांगतात. त्याच्याजवळ बैल होता.

पखाल आता आपल्याला फक्त म्हणीतून माहीत आहे, आजार रेड्याला आणि औषध पखालीला, एवढीच. माझ्याकडे इंटर्न मुलं येतात त्यांना म्हण येते पण पखाल म्हणजे काय विचारलं तर एकमेकांकडे बघतात. पखाल म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, जनावराच्या पाठीवरून दोन्ही कुशींना लोंबणारी, तोंडाशी दोरीने आवळलेली. भिस्ती दोरी जरा सैल करतो, धार लागते, ओंजळ धरायची. कातडं पाझरतं म्हणून त्या बैलाच्या दोन्ही कुशी कायम ओल्या, केस चिकटलेले, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात बिचाऱ्याला कुडकुडायला लावणारं ते पाणी. पाठीवर गादीसारखं जाड पालाण घालावं लागतं नाहीतर दोरीने कातडी सोलते, आणि ओल्या कातडीची जखम लवकर भरत नाही. लादणीच्या बैलाला शंभर किलोच्या आसपास ओझं नेता येतं. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा एक उपाशी, रक्त गेलेला, पन्नास-साठ किलोचा माणूस हे त्या बैलाला रोजच्या मानाने हलकंच ओझं होतं. भरल्या पखालीएवढं हलणारंही नाही, पाणी कसं डचमळतं.

मग प्रश्न, चढवलं कसं. गुडघा फुटलेला माणूस घोड्यावर चढू शकत नाही, रिकिबीत पाय देऊन उचलणार कसा, आणि चढला तरी घोड्यावर माणूस मांड्या-गुडघ्यांनी धरून बसतो, गुडघाच नाही तर दौडीत पडणार. बैल ठेंगणा, साधारण खांद्याला चार-साडेचार फूट, आणि मुख्य म्हणजे शिकवलेला बैल बसतो. घोडा तुमच्यासाठी जमिनीवर बसत नाही सहसा, बैल बसतो. आता गुरं उठतात कशी ते कधी नीट बघा. घोडा उठताना आधी पुढचे पाय टाकतो. गाय-बैल आधी मागचा भाग उचलतात, पुढचे गुडघे टेकलेलेच असतात, म्हणजे पाठीवरचा माणूस एकदम पुढे, मानेकडे घसरतो. तिथे काय आहे? वशिंड. आपल्या देशी बैलाला ते आहे, त्याला मिठी मारायची. मी स्वतः लहानपणी आजोळी बसलेल्या बैलावर चढून हे केलंय आणि मारही खाल्लाय, त्यामुळे ते हात कसे धरतात, तोंड वशिंडाला कसं चिकटतं, त्या घामाचा आणि धुळीचा वास नाकात कसा जातो, हे मला माहीत आहे. राणेखानाने नेमकं असंच केलं असेल असा माझा हट्ट नाही, पण एकट्या माणसाने लंगड्याला जनावरावर घालायचं तर माझ्या अनुभवात याहून सोपी रीत नाही.

आणि ऊब. ही गोष्ट कुणी सांगत नाही. बैलाच्या अंगाचं टेम्परेचर असतं साडेअडतीस सेल्सिअसच्या आसपास, आपल्यापेक्षा दीड अंश जास्त. रक्त गेलेल्या माणसाला आणखी एक मोठा धोका थंडीचा, अंग गार पडत जातं, शॉक वाढतो, आणि जानेवारीत पानिपत भागात रात्री धुकं उतरतं. त्या माणसाचं पोट आणि छाती रात्रभर एका जिवंत शेगडीवर होती. चाल संथ, धक्का नाही, जखम परत परत उघडत नाही. आज मला अँब्युलन्स डिझाइन करायला सांगितली तर एवढंच सांगेन, सपाट ठेवा, ऊब द्या, हिसके देऊ नका.

आता सगळ्यात अवघड रकाना. तो बैल पळाला का नाही?

लढाईच्या मैदानात माणसं सैरावैरा, तोफा, रक्ताचा वास, मेलेले हत्ती, आणि गुरांना रक्ताचा वास किती अस्वस्थ करतो हे ज्यांनी गोठा सांभाळलाय त्यांना सांगायला नको, जिथे जनावर कापलं त्या मातीवरून बैल हुंगत हुंगत हंबरडा फोडतात. तरी हा उभा राहिला. मला त्याचं उत्तर त्याच्या धंद्यात दिसतं. भिस्त्याचा बैल फौजेच्या मागे नसतो, फौजेत असतो. लढाई चालू असताना घसा कोरडा पडलेल्या, जखमी झालेल्या माणसाकडे जायचं, तो पितोय तोवर हलायचं नाही, मग पुढच्याकडे जायचं, हे त्याचं रोजचं काम. पडलेला माणूस दिसला की थांबायचं. म्हणजे बघा, ज्या एका क्षणी महादजींना एका थांबणाऱ्या जनावराची गरज होती त्या क्षणी तिथे जे जनावर आलं त्याला आयुष्यभर थांबायलाच शिकवलेलं होतं. घोडदळाचा घोडा तिथे आला असता तर प्रेतांना बुजून, मालकासकट निघून गेला असता, आणि त्याची चूक नसती.

मागे मुरारच्या पलीकडच्या एका गावात मी एका बैलाचा खांदा बघायला जायचे, जू घासून सुजलेला, पू झालेला. म्हातारा मालक दर वेळी तेच सांगायचा, की एकदा बाजारातून परत येताना त्याला गाडीतच चक्कर आली, शुद्ध गेली, आणि जाग आली ती आपल्या अंगणात, सुनेच्या रडण्याने. बैलाने वाटेतला नाला, रेल्वेचं फाटक, सगळं पार करून गाडी दारात आणून उभी केली होती आणि कुणी जू काढेपर्यंत तसाच उभा. मी ड्रेसिंग करताना तो बैल मान फिरवून मालकाच्या बाहीला नाक लावायचा, दर वेळी, औषध झोंबलं की. मला तो हिसडा द्यायचा नाही, बाहीला नाक लावायचा. राणेखानाच्या बैलाची मान कशी वळत असेल ते मला त्या बैलावरून दिसतं.

पुढचा प्रवास मी आकड्यांत मांडून बघितला. ओझ्याचा बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतो आणि दिवसाला वीस-पंचवीसच्या वर नेऊ नये. पानिपत ते दिल्ली नव्वद किलोमीटर, ते चार दिवस. पानिपत ते ग्वाल्हेर सव्वाचारशेच्या आत-बाहेर, म्हणजे अठरा-वीस दिवस, मधे चंबळ. वाचलेली बरीच मंडळी, पार्वतीबाई, मल्हारराव होळकर, ग्वाल्हेरकडेच आली, मधे सूरजमल जाटाने आपल्या मुलखात त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तिथून दख्खन आणखी कितीतरी लांब. घोड्यावरचा माणूस हे याहून खूप लवकर कापतो. पण पळून जाणाऱ्या घोडेस्वाराच्या मागे लोक लागतात. लढाई डोळ्यांनी बघितलेल्या, शुजाउद्दौल्याकडच्या काशीराजाने लिहिलंय की लुटीत घोडे मेंढरांच्या कळपासारखे हाकत नेत होते. घोडा म्हणजे दौलत, घोड्यावरचा माणूस म्हणजे सरदार, त्याच्या अंगावर सोनं असणार. आणि एक मुसलमान भिस्ती, संथ चालणारा ओला बैल, पाठीवर आडवं पडलेलं कुणीतरी? भिस्ती दोन्ही फौजांत होते. अफगाणालाही तहान लागतेच. त्याला कुणी थांबवलं असेल तर बहुतेक पाणी मागायलाच.

बैलही लुटीतच जात होते हे मात्र खरं आणि ते लपवून मी केस रंगवणार नाही. छावणीतली अगणित गुरं त्या दिवशी गेली. त्यातलेही कितीतरी बैल आपापल्या मालकाच्या प्रेताशी उभे राहिले असतील आणि कुणीतरी दोरी धरून ओढून नेलं असेल. या एकाचं नशीब की मालक जिवंत होता आणि शहाणा होता. आपल्याकडे जो परत येतो त्याचीच गोष्ट होते. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, ही म्हण आपल्याच भाषेत आहे, फौजांच्या मागे चालून चालून मेलेल्या शिंगरांची गणती कुणी ठेवली नाही. पहिल्या महायुद्धात घोडे, खेचरं, गाढवं मिळून 80 लाखांच्या आसपास मेली असं सांगतात. लंडनला त्यांचं एक स्मारक 2004 मध्ये उभं केलं, ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं, आणि त्यावर कोरलंय की त्यांना निवड नव्हती. हे वाक्य मी वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून होते. खरं आहे, निवड नव्हती. त्या पखालीच्या बैलालाही पानिपताला यायचं होतं का म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

मग याला एकनिष्ठ म्हणायचं का? मी म्हणते, हो. पण कुणाशी एकनिष्ठ ते नीट लिहावं. पेशव्यांशी नाही, शिंद्यांशी नाही, त्याला महादजी कोण ते माहीत नव्हतं. तो राणेखानाच्या हाताशी एकनिष्ठ होता. जो हात रोज दोरी सोडतो, रोज पालाण काढून पाठ चोळतो, भुकेच्या दिवसांत कुठून कुठून पाला आणून पुढे टाकतो, त्या हाताने सांगितलं बस, तर बसायचं, चल, तर चालायचं. लोक म्हणतात ही नुसती सवय. मी रोज बघते, सवय अशी हवेतून लागत नाही, कुणीतरी ती हजार सकाळी उठून लावलेली असते, आणि जनावरही त्यात आपली बाजू घालत असतं. मारकुट्या मालकाचा बैल संकटात मालकाकडे येत नाही, लांब जातो. अडीच महिन्यांच्या उपासमारीनंतरही हा बैल ओझं घेऊन चालण्याइतका शाबूत होता यावरूनच राणेखान कसा माणूस असेल ते मला कळतं. रोगी जनावर बघून आम्ही मालक ओळखतो, तसंच धडधाकट जनावर बघूनही.

आपल्याच फौजेतलं दुसरं उदाहरण आहे म्हणून सांगते. पेडोंगी नावाची खेचरी. 1962 मध्ये भरती झाली, खुराचा नंबर 15328, आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर कंपनीत. 1971 च्या युद्धात शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवर मशीनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या तशाच घेऊन वीसेक किलोमीटर चालून आपल्या ठाण्यावर परत आली. फौजेत जनावराला नंबर असतो, तो खुरावर डागतात, आणि खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, वर्षभरात अख्खा नवा होतो, म्हणजे तो नंबर पुन्हा पुन्हा डागावा लागतो. तीसेक वर्षं नोकरी म्हणजे तीसेक वेळा खूर नवा झाला आणि 15328 तोच राहिला. तिला मग नाव मिळालं, 1992 मध्ये निळ्या मखमलीची झूल घालून सत्कार झाला, गिनीजमध्ये नोंद झाली. 1998 मध्ये गेली. वाचताना मला डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी आमचा बैल आठवला, ज्याला नंबरसुद्धा नाही.

राणेखानाला मिळालं, आणि ते भरभरून मिळालं याचा मला अभिमान वाटतो. महादजींनी त्याला भाऊ मानलं, भिस्त्याचा सरदार केला, कागदांत तो राणेखान भाई म्हणून येतो. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने मुघल बादशहाचे डोळे काढले त्यानंतर दिल्ली सोडवायला महादजींनी जी फौज धाडली तिचा सेनापती हाच राणेखान. पाण्याची दोरी धरणाऱ्या हातात फौज दिली. ज्या घराण्याच्या देवघरात, इथे लष्करातल्या गोरखी वाड्यात, आजही मन्सूरशहा अवलिया या मुसलमान संताची गादी पुजली जाते त्या घराण्याला हे शोभणारंच होतं. महादजी शेवटपर्यंत लंगडत चालले, बादशहाकडून गोवधबंदीचं फर्मान त्यांनी मिळवलं, त्यात गायीबरोबर बैल होता. काही लोक म्हणतात पानिपतच्या बैलाची ती परतफेड. मला तसं ठामपणे लिहिता येणार नाही, त्या फर्मानाला धर्माची आणि राजकारणाची कारणं पुरेशी होती. पण ज्याने रात्रच्या रात्र वशिंडाला मिठी मारून काढली तो माणूस त्या कागदावर शिक्का पडताना काय आठवत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. 1794 मध्ये वानवडीला ते गेले, तिथे त्यांची छत्री आहे. इथे लष्करात शिंद्यांच्या छत्र्या आहेत. घोड्यांवरचे पुतळे आहेत. बैल कुठेच नाही.

यंदा पोळ्याला आमच्या सासूबाईंनी नेहमीसारखे मातीचे बैल आणले, पाटावर मांडले, पुरणपोळीचा नैवेद्य. माझी मुलगी नववीला आहे, तिला मी ही सगळी केस ऐकवत होते, ती ऐकता ऐकता एक बैल उचलून आत गेली आणि माझ्या ड्रेसिंगच्या ट्रेमधला गॉजचा तुकडा कापून, दोन छोट्या थैल्या शिवून, मधे दोरा घालून त्याच्या पाठीवर टाकल्या. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, त्याला इतरांच्या पुढे सरकवून आधी त्यालाच हळदकुंकू लावलं. मग मुलगी रंगांची डबी घेऊन बसली.

"आई, कुठला रंग होता गं त्याचा?"

मी केस पेपर पुढे ओढला. "अंगाचा तुला आवडेल तो दे. पण दोन्ही कुशी गडद कर, ओल्यासारख्या."